साडेचारशे लिटर निसर्ग: नवशिक्यांसाठी

घरात एक भिंत रिकामी आहे, खात्यावर थोडी शिल्लक आहे आणि रविवारी दुपारी गाढ झोप लागते? घाबरू नका. पाणवनस्पतींची मोठी टाकी लावलीत की तिन्ही तक्रारी महिन्याभरात मिटतील. नुसते मासे कोणीही पाळतं. आपल्याला पाण्याखाली रान उभं करायचंय. जपानच्या ताकाशी अमानो यांनी (१९५४–२०१५) या कलेला जगभर नाव मिळवून दिलं. त्यांच्या टाक्यांचे फोटो एकदा डोळे भरून बघून घ्या. तुमची टाकी तशी दिसणार नाही, पण खर्च तसाच येईल.

१. आधी घरच्यांची संमती. ‘छंद’ हा शब्द तोंडातून काढू नका. ‘वास्तुशास्त्रात ईशान्येला पाणी सांगितलंय म्हणे,’ एवढं बोलून चहा प्या. बाकीचं काम वडीलधारी मंडळी करतात. खर्च विचारलाच तर फक्त काचेचा सांगा. दिवा, फिल्टर, सिलिंडर हे आकडे हप्त्याहप्त्याने पचवायचे असतात.

२. माप घ्या चार बाय दोन बाय दोन फूट. यात साडेचारशे लिटर पाणी मावतं, म्हणजे तितकेच किलो. वर १२ मिलिमीटरची काच, माती, दगड, स्टँड. गेला आकडा सहाशेच्या पुढे. राहत्या घराच्या स्लॅबचा हिशोब चौरस मीटरला साधारण २०० किलोंनी करतात आणि तुमची टाकी पाऊण चौरस मीटरवर बसणार आहे. तेव्हा ती बीमजवळ, भिंतीला लागून ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. हा या लेखातला एकमेव गंभीर सल्ला, त्यामुळे तो कोणी पाळत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना मात्र विचारू नका, ते विषय सर्वसाधारण सभेत घेतील. खालच्या मजल्यावरच्या काकांना दिवाळीचा फराळ न चुकता पाठवा.

३. आता पाणी. बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड, आणि तुम्हाला हवंय मऊ. त्यासाठी आरओ बसवा. एक लिटर चांगलं पाणी मिळवताना दोन-तीन लिटर मोरीत जातं, त्यात घरच्यांनी फरशी पुसावी. असं थेंबाथेंबाने मऊ केलेलं पाणी जमलं की त्यात सेइर्यू नावाचा निळसर राखाडी दगड ठेवा. हा किलोच्या भावाने मिळतो. त्यातला चुना हळूहळू पाण्यात उतरतो आणि पाणी पुन्हा जड होतं. काळजी नको, आरओ आहेच.

दगड विषम संख्येने मांडायचे: तीन, पाच, सात. सर्वांत थोरला मधोमध येता कामा नये आणि तो किंचित कललेला हवा. ‘अजून दगडच लावतोयस?’ असा प्रश्न स्वयंपाकघरातून येईल. उत्तर देऊ नका. एक दगड जरासा फिरवा, दोन पावलं मागे या आणि मान तिरकी करून बघा.

४. झाडं. रोटालापासून सुरुवात करा, सोपी असते. तिच्या काही जाती आपल्याकडे भातखाचरात तण म्हणून उगवतात. खाचरातली घेऊ नका. ती फुकट असते. तुम्ही टिश्यू कल्चरची, सीलबंद डबीतली घ्या. लांब चिमट्यात एक काडी धरा, तिरकी मातीत खुपसा, चिमटा अलगद सैल करा आणि बाहेर काढा. काडी चिमट्याबरोबर वर येईल आणि तरंगेल. पुन्हा खुपसा. अशा दीडशे काड्या आहेत. पाण्याला चहासारखा रंग हवा असेल तर देशी बदामाची वाळकी पानं पाकिटात विकत मिळतात. त्याच झाडाची पानं तुमचा वॉचमन रोज सकाळी झाडून कचऱ्यात टाकतो, पण त्यांवर बारकोड नसतो.

५. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणा. काचेला चिकटवलेल्या छोट्या कुपीतला द्राव निळा असेल तर वायू कमी, हिरवा असेल तर बेताचा. पिवळा झाला की मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. रात्री झाडांना हा वायू नको असतो, म्हणून सिलिंडर बंद करून एअर पंप लावा. दिवसा पैसे मोजून भरलेला वायू रात्री वीज जाळून घालवायचा. पटायला थोडे दिवस जातात.

६. आता चार ते सहा आठवडे काही करू नका. या काळात फिल्टरमध्ये जिवाणू रुजतात, अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. त्याशिवाय मासे सोडलेत तर ते मरतील. पाहुणे येतील, लाखभराच्या टाकीसमोर उभे राहतील आणि हळू आवाजात विचारतील, ‘मासे गेले का हो?’ जिवाणूंकडे बोट दाखवा.

७. शेवाळ येणारच. तुम्ही घेतलेला दिवा महागडा आणि प्रखर आहे, त्याचा पहिला फायदा शेवाळालाच होतो. आता टायमर घ्या आणि दिवा सहा ते आठ तासच चालू ठेवा. तंतूंचं शेवाळ जुन्या टूथब्रशला शेवयांसारखं गुंडाळून काढा. ब्रश जुनाच आहे ना, घरात एकदा विचारून घ्या.

८. आणि हो, मासे. निऑन टेट्रा घ्या, बोटापेक्षाही लहान. मोठा मासा झाडं उपटतो आणि देखावा बिघडवतो. टेट्रा बहुतेक वेळ दगडामागे असतात, त्यामुळे त्यांचा त्रास नाही.

९. पंधरवड्यात रोटाला पाण्याबाहेर डोकावेल. कात्रीने छाटा. छाटलेला प्रत्येक शेंडा मातीत खोचला की नवं झाड होतं, आणि स्वतः वाढवलेलं झाड मोरीत फेकायला कुणाचाच हात धजत नाही. बादलीत भरून ठेवलेत तर अंघोळीच्या वेळी वाद होतात. तेव्हा दोन फुटी दुसरी टाकी मागवा. जागेचा प्रश्न नाही. बाल्कनीतलं वॉशिंग मशीन किती रुंद आहे, आजच मोजून घ्या.