उंदीरमारीचं बारसं

परवा एका माळावर निसर्गाचं पुनरुज्जीवन झालं. साडेदहाला होणार होतं, पाहुणे उशिरा आले म्हणून सव्वाबाराला झालं. फ्लेक्सवर वाघ होता. त्या माळानं वाघ कधी पाहिलेला नाही, पण फ्लेक्सवाल्याकडे लांडग्याचा फोटो नसणार. पाहुण्यांच्या हातात एकेक रोप दिलं गेलं आणि माइकवरून त्याचं नाव पुकारलं गेलं: गिरिपुष्प!

मंडपामागं मेंढरं घेऊन एक मामा उभे होते. चराईबंदी झालेली, त्यामुळं त्यांना आत मज्जाव. मी म्हटलं, "मामा, गिरिपुष्प लावतायत." मामांनी रोपाकडं पाहिलं. "कसलं पुष्प, पाव्हणं? उंदीरमारी हाय ती. शेरडंसुदिक तोंड लावंनात."

तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. त्याची साल आणि बिया वाटून उंदरांना विष म्हणून घालतात. ग्लिरिसिडिया या त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थही उंदीर मारणारं असाच, आणि तिकडचे स्पॅनिश बोलणारे शेतकरीही त्याला उंदीरमारच म्हणतात. म्हणजे लॅटिन पंडित, स्पॅनिश शेतकरी आणि आमचे मामा यांचं एकमत. एकटी सरकारी फाईल तेवढी फुटीर. खोकड, घुबड, धामण ही माळावरची मंडळी उंदरांवर जगतात, आणि त्यांना परत बोलावण्यासाठी आपण लावतो उंदीरमारी. झाड नुसतं उभं राहून उंदीर मारत नाही, हे मान्य. पण जेवायला बोलावताना दारावर निदान उपासाची पाटी तरी लावू नये.

बाहेरून आलेल्या झाडांना नावं ठेवताना आपल्या गावांनी कधी भीड बाळगली नाही. घाणेरी. रानमोडी. वेडी बाभूळ. नावातच पंचनामा. आता त्यांचीही बारशी उरकून टाकावीत. घाणेरीची वनसुगंधा करा, रानमोडीची रानजोडी, वेड्या बाभळीची विवेकमंजिरी. झाडांवरच का थांबायचं? माळ पोखरणाऱ्या दगडखाणीला गिरिकुंड म्हणा. वणव्याला दीपोत्सव. आणि माळावरून जाणाऱ्या ज्या उच्चदाबाच्या तारांना धडकून माळढोक मरतात, त्यांना म्हणा तारांगण.

आणि जे नाव खरंच बदलायला हवं, ते मात्र तसंच. पवन्या, मारवेल, कुसळी यांनी भरलेला माळ कागदावर 'पडीक'. पडीक! चंडोल तिथं गवताच्या बुडख्याशी घरटं करतो, टिटवी खड्यांत खड्यासारखीच अंडी घालते, मेंढरांच्या कळपामागं लांडगा फिरतो. पावसाळा सरला की चार पावलं चाला, पायमोजा कुसळांनी आणि पाय नाकतोड्यांच्या उड्यांनी भरतो. हे पडीक? पडीक काही असेल तर तो शब्द लिहिणाऱ्याची नजर. माळावर झाडी नाही, हा त्याचा आजार नव्हे, ती त्याची प्रकृती आहे. माळढोकाला लांबवर दिसावं लागतं. उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालणारा तो पक्षी. त्याच्यासाठी 1979 साली सोलापूर-नगरकडं अभयारण्य जाहीर झालं. आज तिथं एखादा दिसला तरी बातमी होते. त्याच्या नावानं आपण काय करतो, तर माळावर दीड-दीड फुटाचे खड्डे घेतो आणि सावली आणतो. गवताला सावली! माशाला छत्री द्या एकदाची.

हेच झाड का, याचं उत्तर मामांनी आधीच दिलं होतं. इथं सहसा कोणी खात नाही म्हणून ते जगतं, आणि जगतं म्हणून जिवंत रोपांची टक्केवारी भरते. जे सहसा कोणाच्या पोटात जात नाही, त्याच्यावर जैवविविधता पोसायची. मामांची मेंढरं मात्र गवत खातात, सबब ती कुंपणाबाहेर.

येत्या पावसाळ्यात कोणी तुमच्या हातात रोप ठेवलं, तर फोटो काढायच्या आधी जरा मंडपामागं जा आणि मेंढरंवाल्याला त्या रोपाचं नाव विचारा.