अलकाचं काय चुकलं हो?

अहो, ऐकलंत का? काल भिशीत 'बारोमास'वरून नुसती जुंपली! आपल्या अमडापूरच्या सदानंद देशमुखांची कादंबरी, तिला २००४ साली साहित्य अकादमी मिळालं, आणि आम्ही बुलडाण्याच्या बायका ती वाचतोय आत्ता. एकच पुस्तक घरोघर फिरलं, पानांना हळदीची बोटं... जाऊ द्या.

तर काय सांगत होते, अलकाचं. एकनाथ तानपुऱ्याची बायको हो! बँकवाल्या वहिनींनी सुरुवातच केली, "शहरातली पोर, खेड्यात टिकायची नव्हतीच. सासूशी पटेना, वर दुसऱ्यांच्या नवऱ्यांचे पगार बघून जळायची नुसती." ते 'जळायची' अस्सं ठासून म्हणाल्या, की काकूंना राहवेना. हळूच म्हणतात कशा, "तुमच्या जावेनं पुण्यात फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीचे फोटो तुम्ही महिनाभर उघडले नव्हते ना?"

अग्गोबाई! चेहरा असा उतरला म्हणता... शेगावची कचोरी बशीत तशीच.

आता तुम्हाला म्हणून सांगते, मला तर त्या एकनाथचाच राग येतो. एवढा शिकलेला पोरगा, मास्तरकीसाठी संस्थावाले लाखांत मागतात, ते आणायचे कुठून? पिकाला भाव नाही, धाकट्या भावाचे, मधूचे वेगळेच उद्योग. सगळं कबूल. पण बायको डोळ्यांदेखत कुढतेय आणि हा आपल्याच विचारांत! ती माहेरी निघून गेली, तेव्हा सगळे म्हणाले तिनं घर सोडलं. हा घरात असून कितीसा होता हो?

मी हे म्हणाले, तर सगळ्या गप्प. आणि भांडी घासणाऱ्या मावशी आतून बोलल्या, "पगार नसला तं चालते माय, पण नवरा बोलाले पाह्यजे!" पुस्तक हातात न घेता हं! काकू तर टाळी द्यायला उठल्याच.

आणि गंमत पुढेच. रात्री बँकवाल्या वहिनींनी म्हणे जावेला फोन लावला, चांगला पाऊण तास. हसण्याचे आवाज... अहो, कान कशाला लावीन? भिंतच मेली पातळ! काय बोलणं झालं ते काकू काढतीलच उद्यापर्यंत. तोवर 'बारोमास' तुम्ही न्या घरी. पण काकूंना कळू देऊ नका, नंबर त्यांचा आहे!