शड्डूपुरते वस्ताद

कोल्हापुरात कुठल्याही मंगल कार्यालयात बुद्धिबळाची रेटिंग स्पर्धा भरू द्या, पहिल्या फेरीआधी दाराशी एक गृहस्थ मोबाइलला नाक लावून उभे दिसतात. वय पंचेचाळीस ते साठ, नोकरी बँकेत, वीज मंडळात नाहीतर शाळेत, खांद्याला लॅपटॉपची बॅग. आत मोबाइल चालत नाही, म्हणून शेवटच्या मिनिटापर्यंत दारातच उजळणी. यांना सगळे वस्ताद म्हणतात. खासबाग मैदानाच्या गावात ही पदवी फुकट मिळत नसते. पण यांना ती कुस्ती मारल्याबद्दल मिळालेली नाही, शड्डू ठोकण्याबद्दल मिळाली आहे. पहिल्या बारा चालींत वस्तादांचा नाद करायचा नाही. अडचण एवढीच, की डाव चाळीस चालींचा असतो.

काळ्याकडून वस्ताद सिसिलियन नायडॉर्फ ही ओपनिंग खेळतात. म्हणजे खेळायची त्यांची इच्छा असते. पाचव्या चालीला काळ्यानं ए-पट्टीतलं प्यादं एक घर सारायचं, की नायडॉर्फ झाली. तिथून पुढे फाट्याला फाटे फुटत जातात आणि वस्तादांच्या लॅपटॉपवर प्रत्येक फाट्याची वेगळी फाईल आहे. त्यातही लाडका फाटा विषारी प्याद्याचा: काळ्याचा वजीर बी-२ वरचं प्यादं खायला एकटाच शत्रूच्या मुलखात शिरतो. १९७२ साली रेकयाविकला जगज्जेतेपदाच्या लढतीच्या अकराव्या डावात स्पास्कीनं फिशरचा वजीर याच भानगडीत कसा कोंडला, हे वस्ताद मिसळीच्या टेबलावर शेव-फरसाण मांडून दाखवतात. ऐकणाऱ्याची मिसळ गार होते. मात्र वस्तादांच्या स्वतःच्या डावात ते प्यादं अजून एकदाही आलेलं नाही, कारण समोरचा तिथवर येतच नाही. समोरच्यानं नायडॉर्फ वाचलेली नसते.

आदल्या रात्री जोड्या लागल्या, की वस्तादांचं जेवणावरचं लक्ष उडतं. प्रतिस्पर्धी कोण, रेटिंग किती, जुने डाव कुठे सापडतात का? मागच्या स्पर्धेत समोर गडहिंग्लजची नऊ वर्षांची पोरगी आली. बिनरेटिंगची, डेटाबेसमध्ये एकही डाव नाही. वस्तादांनी रात्री दोनपर्यंत सगळ्या शक्यतांची तयारी केली. सकाळी पोरगी आली, डबा बाकाखाली ठेवला, राजापुढचं प्यादं दोन घरं सारलं. वस्तादांनी सिसिलियन काढली. पोरीनं दुसऱ्याच चालीला वजिराकडचा घोडा कडेला, ए-३ वर, नेऊन ठेवला.

फाईलमध्ये ही चाल नव्हती. वस्ताद पंचवीस मिनिटं विचार करत बसले. तेवढ्यात पोरगी दोनदा पाणी पिऊन आली, शेजारचे तीन डाव बघून आली. खरं तर त्या चालीनं काळ्याचं काडीचंही वाईट होत नाही. वस्तादांचा डाव पंधराव्या चालीपर्यंत उत्तम होता. बाविसाव्या चालीला त्यांनी घोडा फुकट घालवला.

आमच्या भागातल्या हौशी खेळाडूंचे बहुतेक डाव असेच संपतात. ओपनिंगनं कुणी मरत नाही. फुकट गेलेल्या घोड्यानं, न दिसलेल्या शहानं आणि घड्याळानं मरतात. माझ्या मते या मंडळींना पांढऱ्याकडून एक आणि काळ्याकडून दोन ओपनिंग पुरे, तीही सात-आठ चालींपर्यंत. उंट त्याच घरात का जातो एवढं कळलं तरी खूप झालं. उरलेल्या रात्री हत्तीचे अंतिम डाव सोडवावेत, नाहीतर सरळ झोपावं. हे मी वस्तादांना मीर सुलतान खानाचं उदाहरण देऊन सांगून पाहिलं. माणूस पंजाबातला, देशी पद्धतीवर वाढलेला, जिच्यात प्याद्याला पहिल्या चालीची दोन घरांची उडी नाही. पुस्तकी ओपनिंगशी ओळख जेमतेम. तरी १९२९ साली विलायतेत गेल्या गेल्या ब्रिटिश अजिंक्यपद घेतलं, पुढं आणखी दोनदा घेतलं, हेस्टिंग्जला खुद्द कॅपाब्लांकाला हरवलं. वस्तादांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “बघ की मर्दा! तयारी असती तर जगज्जेता झाला असता.”

वाद इथं संपतो. तसा वस्तादांकडे तयारी कामी आल्याचा पुरावाही आहे. १ मार्च २०२४ रोजी फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेनं, २००० च्या खालच्या सगळ्यांचं रेटिंग एकदम उचललं. २००० ला जेवढे कमी पडतात, त्याचे चाळीस टक्के पदरात. वस्ताद १४५० वर झोपले आणि १६७० वर उठले. त्याच महिन्यात त्यांनी कारो-कान ही नवी ओपनिंग शिकायला घेतली होती. श्रेय कुणाला गेलं, हे सांगायला नको.

सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाचं नाव निघालं, की वस्ताद हात जोडतात. भाग्यश्री ठिपसे, स्वाती घाटे या नामवंत खेळाडू सांगलीच्याच. “आपण पण तिथं खेळलोय,” एवढं सांगतात आणि निकाल विचारला, की सांगलीच्या भडंगावर येतात.

पण मी त्यांना हसत असलो, तरी त्यांचं सुख मला कळतं. पहिल्या बारा चाली त्यांच्या नसतातच, कास्पारोव्हच्या असतात. एवढा वेळ मंगल कार्यालयाच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून कास्पारोव्हसारखं खेळायला मिळतं, तेही चहा-नाश्त्यासकट प्रवेश फीमध्ये. पुढच्या चाली स्वतःच्या डोक्यानं खेळायच्या असतात, म्हणून तर त्या लांबणीवर टाकण्यासाठी फाईल वाढत जाते.

घोडा गेल्याच्या रात्री वस्तादांनी डाव इंजिनवर घातला. पंधराव्या चालीपाशी काळं चांगलं दिसलं, तिथंच इंजिन बंद केलं आणि नायडॉर्फच्या कोर्सचा दुसरा भाग मागवला. पैसे गेल्याचा मेसेज वहिनींच्या मोबाइलवर येतो.

“दुसरा भाग कशाला आणि?” वहिनींनी भाकरी थापता थापता विचारलं. “पहिल्या भागातला घोडा घावला का?”