चार वर्तुळांची कुंडली

पत्रिका न जुळवता लग्न केल्याचा अभिमान मिरवणारी मंडळी हल्ली ‘इकिगाई’ची, म्हणजे जगण्याच्या कारणाची, चार वर्तुळं भिंतीवर लावून आयुष्याचं प्रयोजन शोधतात. आवड, कौशल्य, जगाची गरज आणि कमाई. प्राचीन जपानी ज्ञान म्हणे! प्रत्यक्षात ही आकृती काढली स्पेनच्या आंद्रेस झुझुनागा या ज्योतिषानं. २०१४ साली मार्क विन या ब्रिटिश गृहस्थानं मधोमध लिहिलेलं ‘प्रयोजन’ खोडून तिथं ‘इकिगाई’ची जपानी पाटी ठोकली, एवढंच. ज्यांच्या इकिगाईचे दाखले दिले जातात, ते जपानमधल्या ओकिनावातल्या ओगिमी गावचे म्हातारे आकृतीबिकृती न काढता परसातली भाजी खुरपतात. तिथं कमाईचं वर्तुळच नाही. आपल्याकडे मात्र चौथं वर्तुळ इतकं फुगलंय, की उरलेली तीन गृहकर्ज फिटेपर्यंत बिनपगारी रजेवर आहेत.