वाटेतच आहे

आमच्या घरात नकाशा बघण्याचा अधिकार फक्त अप्पांना आहे. माझे सासरे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीला अठरा वर्षं झाली, तरी पाहुणे दाराबाहेर पडले की ते घड्याळाकडे बघून 'सुटली' म्हणतात. त्यामुळे २०२३च्या उन्हाळ्यात आम्ही सहा जणांनी आयुष्यात पहिल्यांदा परदेशी जायचं ठरवलं, तेव्हा श्रीलंकेचा नकाशा कोणाच्या ताब्यात जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. अप्पांनी चष्मा लावला, नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली, बेट वरून खाली मोजलं आणि निकाल दिला, "हे तर एका मुक्कामी गाडीचं काम आहे."

तसं त्यांचं चूक नव्हतं. श्रीलंका उत्तर-दक्षिण साधारण ४३५ किलोमीटर, म्हणजे मुंबईहून कोल्हापूर गाठून थोडं पुढे. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पाव हिस्साही नाही. मुंबईहून विमान अडीच तासांत पोचतं आणि घड्याळ बदलावं लागत नाही, कारण त्यांची वेळ आपलीच. शिवाय आपल्या एका रुपयाला तिथले साडेतीनच्या वर मिळत होते. लंकेतल्या सोन्याच्या विटांचा आपल्याला काय उपयोग, असं लहानपणापासून ऐकत आलेल्या माणसांना एवढं आमिष पुरेसं झालं.

पण बेट लहान आहे म्हटल्यावर सगळंच वाटेत येतं, आणि 'वाटेतच आहे' हा आमच्या घराण्याचा जुना आजार आहे. शिर्डीला निघालो की शनिशिंगणापूर वाटेतच असतं. कोल्हापूरला लग्नाला गेलो की नरसोबाची वाडी वाटेतच असते. एकदा नाशिकला बारशाला जाताना त्र्यंबकेश्वर आणि सप्तशृंगी 'वाटेत' घेतले, आणि बाळाचं नाव आम्हांला फोनवर कळलं.

इथेही तेच. सिगिरियाला चाललोच आहोत, तर अनुराधपूर वाटेतच आहे. अनुराधपूरपर्यंत आलो, तर जाफना काय, आणखी चार बोटं. त्रिंकोमाली जरा उजवीकडे आहे, पण परतताना वाटेतच. कालनिर्णयच्या फाडलेल्या पानामागे अप्पांनी नऊ दिवसांत सतरा ठिकाणं बसवली. पानावर आगमन, प्रस्थान, चहापाणी असे रकाने होते. सिगिरियासमोर लिहिलं होतं: आगमन ११.१०, प्रस्थान १२.००.

आता सिगिरिया म्हणजे जंगलातून सरळ वर आलेला, दोनशे मीटरांच्या आसपास उंच कातळ. पाचव्या शतकात कश्यप नावाच्या राजानं बापाला मारून गादी घेतली आणि भावाच्या भीतीनं वर जाऊन राजधानी बांधली, अशी त्याची गोष्ट. पायऱ्या बाराशेच्या घरात. मी म्हटलं, "अप्पा, पन्नास मिनिटांत चढून उतरायचं? आईंचे गुडघे बघा."

"माझ्या गुडघ्यांना काय झालंय?" आई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मी जेजुरी चढलेय."

"त्यातल्या पाच पायऱ्या मी उचलून नेलं होतं," अप्पा म्हणाले. "आणि ते साल होतं एकाहत्तर."

मला मात्र काळजी वेगळ्याच गोष्टीची होती. वर गांधीलमाश्यांची पोळी आहेत आणि तिथे शांतता राखावी अशा पाट्या आहेत, असं वाचलं होतं. आमचं कुटुंब एकत्र शांत बसल्याची शेवटची नोंद बारावीच्या निकालाची वेबसाइट उघडत नव्हती, त्या सकाळची.

सतरा ठिकाणांची यादी आम्ही तिकडच्या ड्रायव्हरला पाठवली. श्रीलंकेत कुटुंबं बहुधा ड्रायव्हरसकट गाडी ठरवतात. तो पूर्ण सहल बरोबर असतो, आणि बऱ्याच हॉटेलांत ड्रायव्हरची झोपायची सोयही असते. ओळखीतल्या एकांनी या मुलाचा नंबर दिला होता. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. दोनच शब्द: 'एकवीस दिवस.'

"गाडी खटारा असणार," अप्पा म्हणाले.

मग फोन झाला. कोलंबो ते कँडी ११५ किलोमीटर. अप्पांच्या हिशेबानं सव्वादोन तास. मुलगा म्हणाला तीन, कधी साडेतीन. का, तर रस्ता अरुंद, गावामागून गाव, पुढे टुकटुक, मग चढ आणि वळणं. अप्पा गप्प झाले. घाटातल्या गाडीला वेळ वाढवून द्यावी लागते, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी आयुष्यभर दिली होती. फोन ठेवताना त्यांनी कालनिर्णयचं पान उलटं करून टेबलावर ठेवलं आणि खोडरबर मागितलं. त्यांना रबर मागताना मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

त्या फोनवर आईही दोन मिनिटं बोलल्या. सीतेचं मंदिर दाखवशील ना, पाय धुवायला पाणी असेल ना, असं काहीबाही मराठी-हिंदीत विचारत होत्या. पलीकडून दर वाक्याला 'हरी हरी' येत होतं. फोन ठेवून आई म्हणाल्या, "मुलगा माळकरी घरातला वाटतो."

तारखांचा घोळ निराळाच. श्रीलंकेला दोन पावसाळे आहेत. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा, तो पश्चिम किनारा आणि डोंगर भिजवतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा, तो पूर्व आणि उत्तर. "म्हणजे लोकलमध्ये खिडकीतून पाऊस आला की आपण पलीकडच्या बाकावर सरकतो तसं," अप्पा म्हणाले. हे वाक्य मला कुठल्याही प्रवासी पुस्तकात सापडलं नव्हतं. एप्रिलच्या मध्यात त्यांचं नवं वर्ष, तेव्हा दुकानं बंद. पोरांच्या परीक्षा त्यानंतर. शेवटी पाऊस यायच्या आत घुसायचं म्हणून २८ एप्रिल ते ६ मे ठरलं.

माझ्या नवऱ्यानं या सगळ्यात एकच मागणी केली होती. गालेला समुद्रासमोर खुर्ची, हातात थंड बिअर, आणि दोन तास कोणीही 'चला' म्हणायचं नाही. गालेचा दिवस आला ५ मे. ती वैशाख पौर्णिमा. श्रीलंकेत दर पौर्णिमेला सुट्टी असते आणि दारू मिळत नाही. वैशाखातली तर सगळ्यांत मोठी, बुद्धजयंती. नवऱ्यानं पंचांग तीनदा पाहिलं. "तारीख सरकवता येईल?" त्यानं विचारलं. अप्पा म्हणाले, "पौर्णिमा?"

माझ्या मुलाला 'याला' नावाच्या अभयारण्यातला बिबट्या हवा होता. पहाटे उठून जीपमध्ये बसायचं, आणि दिसेलच याची खात्री नाही, असं ड्रायव्हरनं प्रामाणिकपणे सांगितलं. आम्ही ठाण्यात येऊरच्या बाजूला राहतो. "आपल्याकडे तो आपल्याला बघायला येतो," म्हणत अप्पांनी यालावर काट मारली आणि बदल्यात नातवाला गालेचा किल्ला दिला. पोर्तुगीजांनी सुरू केलेला आणि डचांनी वाढवलेला तो किल्ला बापलेकांना एरवी पुस्तकातल्या धड्याइतकाच प्रिय झाला असता, पण त्याच्या तटावरून खालचं कसोटीचं मैदान फुकट दिसतं.

खरं भांडण झालं ते रेल्वेवरून. लेकीला चहाच्या मळ्यांतून जाणारी ती निळी गाडी हवीच होती. तिकिटं महिनाभर आधी खुली होतात आणि बघता बघता संपतात, म्हणून ती गजर लावून उठली आणि नानू ओया ते एला सहा जागा मिळवून बसली. सामान ड्रायव्हर रस्त्यानं आणणार होता. अप्पांनी शांतपणे विचारलं, "तो आपल्या आधी पोचणार?" हो. "मग आपण त्याच्याबरोबर का जायचं नाही?" या प्रश्नाला आजतागायत कोणी उत्तर दिलेलं नाही.

शेवटी सतराची पाच उरली: सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एला, गाले. जाफना गेलं, त्रिंकोमाली गेलं, अनुराधपूर जाताना आईंनी हात जोडले. आईंचं सीता एलियाचं मंदिर राहिलं, कारण ते खरोखरच वाटेत होतं, नुवारा एलियापासून जेमतेम पाच किलोमीटरवर.

आणि आम्ही गेलो. रेल्वेत पोरगी दारात आणि अप्पा खिडकीत. ते वहीत पट्टीपोला, ओहिया, इडलगशिन्ना, हपुतले असं एकेक स्टेशन आणि किती मिनिटं उशीर ते लिहीत होते. एलाला गाडी पन्नास मिनिटं उशिरा पोचली, तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलला की मला त्यांच्या नोकरीतले दिवस दिसले. ड्रायव्हर अर्थातच आधी येऊन उभा होता.

त्याआधी कँडीत सकाळी नाश्त्याला तांदळाच्या शेवयांच्या पांढऱ्या जाळीदार चकत्या आल्या, बरोबर लाल नारळाची चटणी. आई मालवणच्या. त्यांनी एक चकती बोटांनी उचलली, उजेडात धरली, मोडून पाहिली आणि म्हणाल्या, "हे शिरवाळे." मग नारळाचं दूध आणि गूळ कुठे म्हणून विचारू लागल्या. वाढणाऱ्याला कळेना. ड्रायव्हर आत जाऊन एका वाटीत काळसर पाक घेऊन आला. कितुलच्या झाडाचा, आपल्या कोकणात त्यालाच भेर्ली माड म्हणतात. आईंनी चार चकत्या खाल्ल्या. चटणी मात्र लेकीनं ठेवली, कारण तिनं नुकताच मांसाहार सोडला होता आणि त्या चटणीत सुक्या माशाचं कूट होतं. श्रीलंकेतल्या बऱ्याच भाज्यांतही ते असतं. शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावं, एवढं मी अनुभवानं सांगते.

परत आल्यापासून भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "यालाला नाही गेलात? मग काय बघितलंत?" तेव्हा तुम्हांला श्रीलंकेत 'वाटेतच' असलेलं एखादं ठिकाण माहीत असेल, तर कृपया अप्पांना कळवू नका. पट्टी मी मोठ्या मुश्किलीनं कंपासपेटीत परत ठेवली आहे. आणि आईंशी बोलायचा योग आलाच, तर सिंहलीत 'हरी हरी' म्हणजे नुसतं 'बरं, बरं', हेही बोलू नका. अप्पांना ते दुसऱ्या फोनलाच कळलं होतं, पण तेही बोललेले नाहीत. आईंनी त्या मुलाला पाठवायला पंढरपूरचा बुक्का आणून ठेवलाय, आणि सोमवारी मला कुरियरचे दर विचारायला पाठवणार आहेत.