ऐकलंत का, एकाच घराण्याचं अख्खं जर्नल!

अहो वहिनी, जरा तट्टीजवळ या ना. सांबार निवडायचा तो इथेच निवडा, काड्या टाका आमच्या वाफ्यात. मंगळवारच्या भिशीचं ऐकलंत का? नाही? कुणीच नाही सांगितलं? मग तर बसाच.

तर समोरच्या मास्तरीणबाईंकडे भिशी होती. त्यांचा भाचा आलाय ना हैदराबादहून, इंग्रजीत पीएचडी करतो तो, केसांचा बुचडा बांधतो... असो, केसांचं नंतर. त्याने चिवड्याच्या ताटाशेजारी लॅपटॉप मांडला आणि म्हणे, "मावशी, हे बघ. हे जर्नल फक्त एका घराण्यावर निघतं." मला वाटलं राजेरजवाड्यांचं घराणं असेल. तर कसलं काय, इंग्लंडातल्या एका खेड्यातला पाद्री आणि त्याच्या तीन लिहिणाऱ्या पोरी! ब्राँटे म्हणतात त्यांना. अहो, तुम्हाला माहीत आहेत त्या. दिलीपकुमार-मधुबालाचा 'संगदिल' बघितलाय ना तुम्ही? ती थोरलीची गोष्ट, शार्लटची. आणि 'दिल दिया दर्द लिया' ती मधलीची, एमिलीची. आपण थेटरात पदर भिजवले ते यांच्यामुळे, आणि नाव मात्र कुणाचं माहीत? शकीलचं आणि नौशादचं.

बरं, हे जर्नल आजकालचं नाही हो. 1893 साली यांची सोसायटी निघाली. म्हणजे आपल्याकडे टिळकांनी सार्वजनिक गणपती बसवला, त्याच साली. आपली मंडळं अजून वर्गणीच मागतायत. त्यांनी 1895 पासून छापायला घेतलं ते अजून चालू. 2002 मध्ये नाव बदललं, 'ब्राँटे स्टडीज' केलं, आता वर्षाला चार अंक. सव्वाशे वर्षं उलटून गेली, आणि घर ते एवढंसं! आई लवकर गेली, दोन थोरल्या मुली लहानपणीच गेल्या, दारूत बुडालेला भाऊ गेला, मग एमिली, मग धाकटी अ‍ॅन. सप्टेंबर 1848 ते मे 1849, एवढ्यात तीन तिरड्या. शार्लट एकटी उरली, तिने 1854 ला लग्न केलं आणि वर्ष व्हायच्या आत तीही गेली. म्हातारा बाप सगळ्यांच्या मागे राहिला, 84 वर्षांचा होऊन गेला. हे ऐकलं तेव्हा आपल्या डॉक्टरीणबाईंनी हातातला लाडू खाली ठेवला. खरंच ठेवला.

पण मग बायका सरसावल्या. "तीन पोरींवर एवढं काय लिहायचं?" कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या. तर तो बुचडा म्हणतो, शार्लट कशाने गेली यावर अजून वाद आहेत, क्षयाने की दिवस गेल्यावरच्या उलट्यांनी. पत्रं कुणाला लिहिली, का लिहिली. तिने ब्रसेल्सच्या मास्तरला पत्रं लिहिली होती, लग्न झालेल्या मास्तरला बरं का! त्याने ती फाडली. आणि कुणीतरी ती तुकडा तुकडा जोडून दोऱ्याने शिवून ठेवली. म्हणतात, त्याच्या बायकोनेच! वहिनी, माझ्या अंगावर काटा आला. नवऱ्याला आलेलं पत्र शिवून ठेवायचं, म्हणजे केवढा राग असेल, आणि केवढी शिस्त! 1913 साली त्याच्या मुलांनी ती पत्रं ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली. झालं, सगळ्या जगाला कळलं.

तर काय सांगत होते... हां, गुरुजी.

मास्तरीणबाईंचे यजमान, आपले गुरुजी, झोपाळ्यावर पेपर घेऊन बसले होते. आपल्याकडे लक्ष नाही असं दाखवत. पेपर उलटा होता असं पलीकडची म्हणते, मी नाही पाहिला. त्यांना राहवलं नाही. म्हणाले, "आपल्या मराठीतही साहित्यिक घराणी आहेत हो." भाच्याने विचारलं, कुठली? म्हणाले, कवी अनिल आणि कुसुमावतीबाई. खरंच आहे म्हणा. अनिल 1958 ला मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, कुसुमावतीबाई 1961 ला ग्वाल्हेरच्या, बायकांमधल्या पहिल्याच अध्यक्ष त्या, आणि त्याच वर्षी गेल्या बिचाऱ्या. मग अनिलांनी दोघांची पत्रं 'कुसुमानिल' म्हणून छापली. गुरुजींनी टिळकही सांगितले, रेव्हरंड आणि लक्ष्मीबाई. बायका माना डोलावतायत, गुरुजींचा आवाज चढतोय. आणि तो बुचडा हळूच विचारतो, "मग त्यांच्यावर जर्नल कुठलं निघतं, काका?"

काय सांगू तुम्हाला! गुरुजींचा चेहरा असा पडला... पेपर सरळ केला त्यांनी.

आणि मग मी बोलले. मी म्हटलं, नागपूर-नाशिक कशाला धुंडाळता, आपल्या वरोऱ्याशेजारी बाबा आमट्यांचं आनंदवन आहे की! एवढं लिहिणारं घर चांदा-गडचिरोलीत दुसरं कुठलं? सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते समाजसेवक आहेत, साहित्यिक थोडीच!" मी म्हटलं, मोजू या मग.

बाबांचं 'ज्वाला आणि फुले', 1964 चं, वि. स. खांडेकरांची प्रस्तावना. साधनाताईंची 'समिधा'. विकासभाऊंचं 'आनंदवन प्रयोगवन'. प्रकाशभाऊंची 'प्रकाशवाटा' आणि 'रानमित्र'. आणि जावई विलास मनोहर, पुण्याहून आलेले, त्यांचं ते बिबट्यावरचं 'नेगल', शिवाय 'एका नक्षलवाद्याचा जन्म' ही कादंबरी. बाप, आई, दोन्ही मुलगे, जावई. आता मला सांगा, त्या इंग्लंडातल्या घरापेक्षा काही कमी आहे का? मास्तरीणबाईंनी हळूच कपाट उघडून 'समिधा' काढली, पाठीवरचा पुठ्ठा सुटलेला, आणि ती हातोहात फिरायला लागली.

खरी गंमत पुढेच आहे. बुचड्याने सांगितलं, त्या ब्राँटेंच्या घरी टॅबी नावाची म्हातारी मोलकरीण होती. 1836 च्या थंडीत बर्फावर घसरून पाय मोडून बसली. पोरींची मावशी म्हणाली, हिला हिच्या बहिणीकडे पाठवा. पोरींनी काय करावं? जेवणच सोडलं! टॅबी घरात राहील तेव्हाच घास घेऊ. आणि राहिली ती. हे ऐकल्याबरोबर मास्तरीणबाई आणि मी एकमेकींकडे बघितलं. कारण आपल्याकडे साधनाताईंची गोष्ट कुणाला माहीत नाही? बाबा तेव्हा ब्रह्मचारी, लांब केस, दाढी, साधूच जवळजवळ. नागपूरला घुलेशास्त्र्यांच्या घरी लग्न. सगळ्या जरीच्या साड्यांत, आणि धाकटी इंदू कुठे आहे? मागे जाऊन म्हाताऱ्या मोलकरणीला धुण्याला हात लावतेय, कुणी बघत नाही असं समजून. बघत होते ते नेमके बाबा! ब्रह्मचर्य गेलं वाऱ्यावर. 1946 च्या डिसेंबरात लग्न झालं, इंदूची साधना झाली.

मोलकरणीच्या एवढ्याशा गोष्टीवरून घर कळतं की नाही? त्यांच्याकडे टॅबीवर पानंच्या पानं लिहून झाली. आपल्याकडे ती धुणं धुणारी म्हातारी कोण, कुठली, तिचं पुढं काय झालं... कुणी विचारलं?

आणि बाबांचं ते दुसरं रूप! गोरजाच्या जहागीरदाराचा मुलगा, तरुणपणी सिंगर कंपनीची स्पोर्ट्स गाडी, तिच्या सीटवर बिबट्याचं कातडं. आणि 'पिक्चरगोअर'मध्ये इंग्रजी सिनेमांची परीक्षणं लिहायचे हो, ग्रेटा गार्बो आणि नॉर्मा शिअररशी पत्रव्यवहार! ग्रेटा गार्बो! कुठे ती हॉलिवूडची राणी आणि कुठे आपलं वरोरा. मग तोच माणूस वरोऱ्याच्या नगरपालिकेचा उपाध्यक्ष असताना डोक्यावर मैल्याची पाटी घेऊन फिरला. त्यातच एका पावसात गटाराकाठी पडलेला महारोगी तुळशीराम दिसला आणि बाबा घाबरून पळाले, ज्यांना गांधीजींनी 'अभय साधक' म्हटलं तेच. मग तिथूनच सगळं सुरू. 1951 ला चौदा रुपये, सहा महारोगी, लंगडी गाय आणि एक कुत्रा. ते पोरांनाही तोंडपाठ आहे. पण गार्बोची पत्रं कुठे आहेत, परीक्षणांचे अंक कुणाच्या माळ्यावर आहेत, हे कोण शोधणार? भाच्याला विचारलं तर म्हणे, "काकू, हाच तर रिसर्च." त्याचे डोळे असे चमकले! मला आवडला मुलगा, बुचडा असला तरी.

तर काय सांगत होते... हेमलकसा. 1973 च्या डिसेंबरात तिथे प्रकाशभाऊंची लोकबिरादरी सुरू झाली. तेव्हा गडचिरोली जिल्हाही नव्हता, 1982 ला वेगळा झाला. आपल्याच चांद्याचं जंगल ते. इंद्रावती, पामुलगौतम, पर्लकोटा, तिन्ही नद्या भरल्या की भामरागड तुटतो. वीज नाही, माडिया लोक बघून पळून जायचे. प्रकाशभाऊ लिहितात तसं, शिकारी मेलेली वानरी घेऊन चाललेले, तिच्या अंगाला पिल्लू चिकटलेलं, यांनी तांदूळ देऊन ते पिल्लू घेतलं. तिथून ते प्राण्यांचं गोकुळ. तीच वर्षं विलासराव 'नेगल'मध्ये लिहितात. एकच अंगण, एकच बिबट्या, दोन माणसं सांगतायत. आता नाना पाटेकरांचा 2014 चा सिनेमा बघून आपण रडलो, पण दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून कुणी वाचलीत? मी म्हटलं, जाऊ दे, कुणाकडे वेळ असणार! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळ आहे हो, सिरियलला आहे." सगळ्या गप्प.

मला विचाराल तर बाबांचं लिहिणं दणदणीत आहे, डोंगरावरून बोलल्यासारखं. पण त्या घरात तेल कधी संपलं, दूध कुणाला किती, आणि नवरा पाठीच्या दुखण्याने बसू शकत नसताना भारत जोडोला कन्याकुमारी ते काश्मीर निघाला तेव्हा घरच्या बाईचा जीव कुठे होता... ते 'समिधे'तच बघावं. मोठे शब्द बाबांचे, हिशेब ताईंचा. अभ्यास करायचा तर दोघांचा एकत्र करा, एवढंच माझं म्हणणं. बाईंचं पुस्तक बाजूला ठेवून थोरांचं चरित्र लिहिण्याची आपल्याला खोड आहे, ती मला मुळीच पसंत नाही.

हो, पण एक आहे. कोपऱ्यावरच्या काकूंनी विचारलंच, "आतल्या गोष्टी?" मी म्हटलं, नाही बाई. जिवंत माणसांच्या घरात डोकवायचं नाही, छापलेलं तेवढंच. त्या इंग्रजांचंच बघा ना, 1857 ला गॅस्केलबाईंनी शार्लटचं चरित्र लिहिलं, भावाच्या प्रकरणातली बाई हयात होती, वकिलांचा बडगा आला आणि पुस्तक मागे घेऊन दुरुस्त करून पुन्हा छापावं लागलं. काकूंचा चेहरा एवढासा झाला. त्यांना काहीतरी सांगायचं होतं वाटतं.

गुरुजी शेवटी उठून आले झोपाळ्यावरून. म्हणाले, गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीला आहे, 2011 पासून आहे, चांदा-गडचिरोली दोन्ही त्याच्याच हद्दीत. तिथल्या मराठी विभागाने काढावं. वर्षाला एक अंक, फार नाही. मी म्हटलं, तुम्हीच पत्र लिहा. लगेच कागद मागितला त्यांनी, चष्मा शोधायला मास्तरीणबाईंना उठवलं, आणि बायकांनी गोळाभाताची पानं वाढायला घेतली. पत्र टाकलं की नाही, ते उद्या विचारून सांगते.

पण तोवर एक ऐका, आणि हे तुमच्यासाठीच आहे. ब्राँटेंच्या भावाने काढलेलं तिघी बहिणींचं चित्र 1914 ला सापडलं ते कुठे? कपाटावर, घडी घालून ठेवलेलं! आज लंडनच्या गॅलरीत टांगलंय. तुमच्या मामंजींनी बाबांच्या सोमनाथच्या श्रमछावणीत फावडं मारलंय ना? त्यांच्या ट्रंकेत एखादं पोस्टकार्ड, आनंदवनचं जुनं पत्रक, ग्रुप फोटो, काहीतरी असेलच. रद्दीवाला शनिवारी येतो. त्याच्या हाती द्यायच्या आत एकदा ती ट्रंक उघडा, आणि जे निघेल ते आधी मला दाखवा, बरं का.