वसुलीशास्त्र : विरार शाखा

अर्नाळा, राजोडी आणि कळंबच्या किनाऱ्यावरील रिसॉर्टांत रुळलेले ‘वन डे पॅकेज’, म्हणजे नाश्ता, जेवण आणि संध्याकाळचा चहा-भजी यांचे पैसे प्रवेशाबरोबरच भरून घेण्याची पद्धत, ही अर्थशास्त्राला मिळालेली अमोल देणगी मानावी लागेल. चिमाजी अप्पांच्या फौजेला १७३९ मध्ये सुरुंग लावून वसईचा किल्ला तरी घेता आला. वसईचीच सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, रिसॉर्टच्या फाटकावरची झडती चुकवून आत नेणे मात्र आजीला अद्याप साधलेले नाही, यावरून तटबंदीच्या विद्येची प्रगती लक्षात येते. पैसे आधीच गेलेले असल्यामुळे भूक ही बाब गौण ठरते आणि ओल्या चड्डीवर, मनगटावरचा कागदी पट्टा सांभाळत सातवी पुरी उचलणारा गृहस्थ जेवत नसून ‘वसुली’ करत असतो. (पुरी त्याला मुळात आवडत नाही, ही गोष्ट अलाहिदा.) भरल्या पोटी पोहू नये असा वडीलधाऱ्यांचा दंडक असल्याने वसुली झालेली कुटुंबे काठावरच आडवी होतात, तेव्हा तलाव उपसून त्यात आणखी एक पंगत मांडावी आणि ते पाणी टँकरने विरारच्या सोसायट्यांना द्यावे, हे सर्वांच्याच सोयीचे होईल. तूर्त पॅकेजात पाणी हवे तेवढे मिळते, फक्त पिण्याचे नाही; त्या बाटलीचे पैसे वेगळे पडतात.